नाव आधी, मग माप

माप घेताना शांताक्का आधी नाव म्हणायची. समोरची बाई वीस वर्षांच्या ओळखीची असली, तरी तिचं नाव आणि ठिकाण उच्चारल्याशिवाय टेप तिच्या खांद्याला लागत नसे. "पार्वताक्का, नजरबाद. खांदा साडेतेरा. मुंढा सोळा. बाही नऊ, घेर अकरा." एका लयीत, मध्ये श्वासही न घेता. पडद्याबाहेर थांबलेल्या नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, आत कोणी जपाला बसलंय.

ही तिच्या सासूची पद्धत. सासूला लिहिता येत नव्हतं. ती पडद्याआडून मापं सांगायची आणि बाहेर मशीनवर बसलेले सासरे ती वहीत उतरवायचे. एकदा सासू नाव सांगायला विसरली आणि नवरीचा ब्लाऊज तिच्या आत्याच्या मापानं शिवला गेला. लग्नाच्या सकाळी जो गोंधळ झाला, त्याची आठवण घरात पिढीभर पुरली. तेव्हापासून नाव आधी, मग माप.

सासू-सासरे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शांताक्का सरगूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, घरी मराठी असली तरी तिला कन्नड चांगलं लिहिता येत होतं. पण सवय राहिली. मोठ्यानं म्हटलं की ते डोक्यात पक्कं बसायचं, आणि बाई गेल्यावर ती ते वहीत उतरवायची. म्हैसूरच्या केआर मोहल्ल्यातलं त्यांचं दुकान म्हणजे घराच्याच पुढच्या दोन खोल्या. रस्त्याकडच्या खोलीत तिचा नवरा निवृत्ती पँटी शिवायचा, मागच्या खोलीत ती ब्लाऊज. निवृत्तीला कमी ऐकू यायचं. "हिनं चाळीस वर्षं मापं ओरडली, त्यात माझे कान गेले," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. आतून ती "खोटारडा!" म्हणाली की तेवढं मात्र त्याला स्पष्ट ऐकू यायचं.

चाळीस वर्षांत किती पाठी, किती खांदे तिच्या हाताखालून गेले. एक खांदा उतरता असलेल्या बायका, पाठीत बाक असलेल्या, भाजल्याचे डाग असलेल्या, दंडावर हिरवेनिळे वळ घेऊन येणाऱ्या आणि "बाही कोपरापर्यंत ठेव अक्का" एवढंच सांगणाऱ्या. ती काही विचारत नसे. बाही कोपरापर्यंत ठेवायची. यातलं काही तिनं कधी कुणाला सांगितलं नाही आणि वहीतही लिहिलं नाही. वही दिवसभर कटिंगच्या टेबलावर उघडी पडलेली, कुणीही येऊन चाळावी. वहीत फक्त आकडे. बाकीचं डोक्यात.

गोदावरीबाईंचं तर ती विशेष जपायची. गोदावरीबाई बन्नूरच्या. तिथल्या हायस्कूलात पस्तीस वर्षं शिकवून हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेल्या. बन्नूरच्या बसस्टँडवर त्या उतरल्या की निम्मे रिक्षावाले आपोआप ताठ उभे राहत. चार वर्षांपूर्वी बेंगळूरला त्यांचं ऑपरेशन झालं आणि उजवा स्तन काढावा लागला. गावात, नात्यात, पुण्याला असलेल्या मुलालासुद्धा, त्यांनी पित्ताशयातले खडे काढले असं सांगितलं. खरं ठाऊक होतं ते डॉक्टरांना, त्यांच्या यजमानांना आणि शांताक्काला.

"लोकांनी मला बघताना आधी माझं तोंड बघावं," पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या.

शांताक्कानं आधी कापूस भरून पाहिला. कापूस हलका, चालता चालता वर सरकायचा. मग एक दिवस फोडणी टाकताना तिला सुचलं. अस्तराला आतून खिसा, खिशात मऊ सुती पिशवी, पिशवीत मोहरी. वजन बरोबर यायचं, आकार अंगासारखा बसायचा, आणि धुताना पिशवी काढून ठेवता यायची. तो पहिला ब्लाऊज घालून गोदावरीबाई आरशासमोर दोन्ही हात वर करून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या होत्या. नंतर प्रत्येक ब्लाऊजच्या वेळी त्या दुपारी दोनला यायच्या, निवृत्ती जेवून आडवा व्हायचा त्या वेळेला, आणि शांताक्का पुढचं दार लावून घ्यायची.

ही सगळी काळजी घेणाऱ्या बाईच्या डोक्यावर यंदा सुदीपनं कॅमेरा बसवला.

सुदीप तिच्या मोठ्या दिरांचा मुलगा. कुठल्याशा कंपनीत कामाला होता. एका सकाळी तो काळा पट्टा घेऊन आला. पट्ट्याच्या मध्यभागी कपाळावर येईल असा बटणाएवढा कॅमेरा.

"काकू, हातांचा व्हिडिओ पाहिजे. तुम्ही काज कसं करता, अस्तर कसं लावता, तेवढंच. यंत्राला शिवण शिकवायला."

"मशीन आहे की यंत्र. त्याला काय शिकवायचं?"

"तसलं नाही. हात असलेलं यंत्र. रोबोट."

"मग त्याला म्हणावं, ये, इथं बस. आधी सहा महिने नुसती काजं कर."

सुदीप हसला. ती हसली नाही. तिला आतून बरं वाटलं होतं, ते दिसू नये म्हणून. तिच्या हातांकडे आजवर कुणी असं मुद्दाम बघायला आलं नव्हतं. ब्लाऊज बसला की बायका आरशात स्वतःला बघत, न बसला की तिला.

"आणि बायका येतात माझ्याकडे, त्यांचं काय?"

"कुणाचा चेहरा आला तर कॉम्प्युटर आपोआप धूसर करतंय, काकू. ओळखूच येत नाही."

"आणि अंग?"

सुदीप पट्ट्याचं बक्कल चाळवू लागला. "माप घेताना काढून ठेवा. पण बंद करू नका हं. फाईल तुटतंय. त्यांना चार तास सलग पाहिजे."

कन्नडमधला एक फॉर्म होता, चार पानी. सुदीप घरचा मुलगा. तिनं शेवटच्या पानावर सही केली.

महिनाभर ती रोज चार तास तो पट्टा बांधून बसली. निवृत्ती म्हणायचा, खाणीत उतरायला निघालीस काय. माप घ्यायची वेळ आली की ती पट्टा काढायची, पडद्याआड खिळ्याला अडकवायची आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायची. मग बाईला दाखवायची, "हे बघ, भिंत बघतंय." बायका हसायच्या. गोदावरीबाई दुसऱ्या आठवड्यात आल्या. त्यांनी पट्ट्याकडे बघून विचारलं, "बंद आहे ना गं?" आणि शांताक्का म्हणाली, "तोंड भिंतीकडे आहे, बाई."

त्यावर त्यांनी पदर खाली घेतला होता.

महिना संपून दोन दिवस झाले होते. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास सुदीपची बहीण दीपश्री आली. सुदीपनंच तिला त्या कंपनीत चिकटवलं होतं. हातांचे व्हिडिओ बघायचे आणि कुठल्या क्षणाला काय झालं ते लिहायचं: कात्री उचलली, सुई ओवली, दोरा तोडला. या वेळेला ती कामावर असायची. दारात चप्पल न काढता ती सरळ मागच्या खोलीत आली, पडदा ओढला आणि लॅपटॉप कटिंगच्या टेबलावर ठेवला.

"काकू, एक ऐका."

"चहा ठेवते थांब."

"चहा नको. आधी ऐका."

लॅपटॉपवर भिंत होती. शांताक्काचीच भिंत, फिकट निळी, रंगाला एके ठिकाणी फुगा आलेला. नऊ मिनिटांचा तुकडा. भिंत हलत नव्हती, काहीच घडत नव्हतं. कपड्याची सळसळ ऐकू आली. मग एक बारीक, मायेचा आवाज, अगदी जवळून:

"गोदावरीबाई, बन्नूर. खांदा चौदा. छाती चौतीस. उजवीकडचं काढलेलं. अस्तराला आतून खिसा. मोहरी दीड मूठ."

शांताक्काला पहिल्यांदा वाटलं, ही कोण भोचक बाई दुसऱ्याचं असं बोलून दाखवतेय. आवाज ओळखायला तिला एक श्वासभर वेळ लागला. मग तिचा हात गेला तो कानावर नाही, स्वतःच्या तोंडावर.

भिंतीच्या चित्राखाली बारीक अक्षरं सरकत होती.

"ते काय?"

"तुम्ही बोललेलं मशीन लिहून घेतंय. खालच्या ओळीत इंग्रजीत करतंय." दीपश्रीनं बोट ठेवलं. "हे नाव. हे बन्नूर. आणि हे..." तिनं पुढं वाचलं नाही.

"मी तोंड भिंतीकडे केलं होतं गं."

"तोंड केलं होतं, काकू."

"आवाज बारीक केला होता मी. दार लावलं होतं. ह्यांना पण ऐकू येत नाही."

खिळ्यापासून टेपपर्यंत फार तर हातभर अंतर. शांताक्का त्या खिळ्याकडे बघत राहिली. जे लिहिलं तर कोणी वाचेल म्हणून चार वर्षं वहीत उतरवलं नव्हतं, ते तिनं आपल्या तोंडानं, नावगावासकट, आकडे चुकू नयेत अशा स्पष्ट उच्चारात त्या पट्ट्याला सांगितलं होतं.

"कोणी ऐकलं?"

"माझ्याआधी दोघं तपासतात. त्यांना मराठी येत नाही. पण इंग्रजी वाचलं त्यांनी." दीपश्रीचा आवाज घसरला. "आज सकाळपासून ऑफिसात चाललंय. कुणी खाली पडलेलं काही उचललं तरी 'मस्टर्ड' म्हणतात आणि हसतात. मलाही कळत नव्हतं कशाला. मीपण हसले, काकू. मग फाईल माझ्याकडे आली आणि मी हेडफोन लावला."

"हसले?" शांताक्कानं विचारलं. एवढा एकच शब्द तिला धरून ठेवता आला. "मोहरीला हसले?"

दीपश्रीनं मान खाली घातली. "परवा, शुक्रवारी, सगळं बाहेरदेशी गिऱ्हाइकाकडे जाणार. त्यानंतर आपल्या हातात काही राहत नाही."

शांताक्कानं सुदीपला फोन लावला. सुदीपनं ऐकून घेतलं आणि तोही गडबडला. "अय्यो. पण काकू, त्यात चेहरा नाहीच. नियमात चेहरा आहे, गाडीचा नंबर आहे, घराची पाटी आहे. आवाजाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"डोकं राहू दे. पूस ते."

"मला पुसता येत नाही. ज्यांचं आहे त्यांनी स्वतः अर्ज करायचा. नाव, आधार, तारीख, वेळ. आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यांची कुठली खासगी गोष्ट आहे, ते."

"म्हणजे जे कुणाला कळू नये, तेच लिहून द्यायचं?"

सुदीपला हे आत्ताच दिसलं होतं. म्हणाला, "फॉर्म असाच आहे, काकू."

गुरुवारी सकाळी ती बन्नूरच्या बसमध्ये बसली. कंडक्टरनं आधार बघून शून्याचं तिकीट दिलं, बायकांना प्रवास फुकट. खिडकीतून उसाची शेतं मागं जात होती, मध्येच भाताची खाचरं. ती बघत होती पण तिला निळी भिंतच दिसत होती. गाडीत मागं दोन पोरी कशालातरी फिसकन हसल्या आणि तिनं दचकून मान वळवली. पोरी आपल्या मोबाइलमध्ये होत्या. आता कुणीही, कुठंही हसलं की तिला असंच होणार होतं. आणि गोदावरीबाईंना तर अजून ठाऊकही नव्हतं. त्या त्या क्षणी आपल्या घरी भाजी निवडत असतील, निर्धास्त. शांताक्काला वाटलं, बस बंद पडावी. निदान अजून तासभर त्यांना काही कळू नये.

गोदावरीबाईंचे यजमान गणपतराव पडवीत पेपर वाचत होते. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, आणि गणपतराव आरामखुर्चीतही रिकिबीत पाय असल्यासारखे बसत.

"या या, शांताक्का! आता काय, ब्लाऊज घरपोच? आमच्या हिचा मान वाढला म्हणायचा."

गोदावरीबाई दारात आल्या. त्यांनी शांताक्काच्या तोंडाकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, जरा कोथिंबीर आणता?"

"कालच आणली की."

"ती सुकली."

"मला कटवायचं असलं की हिची कोथिंबीर सुकते," असं पुटपुटत गणपतराव पिशवी घेऊन निघाले.

शांताक्का बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टा बंद नव्हता इथपासून. सांगताना तिला मध्येच शब्द सापडेना, ती कन्नडवर जायची, परत मराठीवर यायची. गोदावरीबाईंनी तिला एकदाही थांबवलं नाही. पदराचं टोक मात्र त्यांच्या उजव्या हातात आलं होतं आणि ते त्यांनी नकळत छातीवर ओढून धरलं होतं, कुणी समोर येऊन उभं राहिल्यासारखं.

"काय म्हणालीस तू, नेमकं?"

"बाई..."

"जसं म्हणालीस तसं म्हण. लोकांनी ऐकलंय. मी का ऐकू नये?"

शांताक्कानं डोळे मिटले. तिला हळू, अडखळत म्हणायचं होतं, पण त्या शब्दांना दुसरी चालच ठाऊक नव्हती. ते त्याच लयीत आले. नाव, गाव, खांदा, छाती. शेवटच्या दोन शब्दांशी तिचा आवाज फुटला.

"आणि ते काय म्हणाले?"

हे ती सांगणार नव्हती. बसमध्ये ठरवलं होतं. पण समोरची बाई पस्तीस वर्षं मुलांच्या तोंडावरचं खोटं ओळखत आलेली. "हसले, बाई. मोहरीचं नाव काढून."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. गोदावरीबाई उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि पुन्हा त्याच जागी बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. काहीतरी मोजायला सुरुवात करून आकडा विसरलेल्या माणसासारख्या दिसत होत्या.

"वर्गात माझ्या पाठीमागं कोणी हसलं तर मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं," त्या म्हणाल्या. "काल मी इथं बसून शेंगा सोलत होते. मला काहीसुद्धा कळलं नाही."

शांताक्का खाली बसली. फरशीवरच.

"मी तुला विचारलं होतं, बंद आहे ना."

"हो."

"तू म्हणालीस, भिंतीकडे तोंड आहे."

"मला तेच पुरेसं वाटलं, बाई."

"मलाही वाटलं." मग हात पुढं करून, "तू सही केलीस तो कागद आणलास?"

पिशवीत होता. गोदावरीबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, परीक्षेचे पेपर तपासल्यासारखं, बोट ओळीखालून सरकवत. शांताक्कानं हा कागद कधी वाचलाच नव्हता. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"इथं लिहिलंय, कॅमेरा बांधणाऱ्यानं सही मागं घेतली तर त्याचं सगळंच्या सगळं रेकॉर्डिंग काढून टाकायचं. कारण द्यायची गरज नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुला पुतण्यानं सांगितलं नाही?"

"त्यानं तरी वाचलं असेल की नाही, देव जाणे."

"माझा अर्ज केला तर माझी नऊ मिनिटं जातील, आणि मला माझ्या हातानं सगळं लिहून द्यावं लागेल. तू केलास तर तुझा महिना जाईल. तुझ्या हाताचं सगळं काम."

"जाऊ दे."

"थांब. विचार कर." आणि मग, अगदी सहज, हजेरी घेताना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "शांताक्का, त्या महिन्यात मी एकटीच आले होते का गं?"

कालपासून आत्तापर्यंत शांताक्काच्या डोळ्यांसमोर फक्त गोदावरीबाई होत्या. फक्त ती नऊ मिनिटं. पण ती रोज नाव घेत होती. रोज. पाठ भाजलेली कॉलेजातली लेक्चरर. कोपरापर्यंत बाही मागणारी. तीन महिने झालेत, घरी अजून सांगितलं नाही, कंबरेला शिलाई सोड म्हणणारी. प्रत्येकीचं नाव आधी, मग ठिकाण, मग माप, आणि मग जे फक्त डोक्यात ठेवायचं ते. नजरबाद, चामुंडीपुरम, मंडी मोहल्ला. अख्ख्या म्हैसुराची पाठ तिनं उघडी करून त्या खिळ्यासमोर उभी केली होती.

"अय्यो देवरे," ती म्हणाली. "सगळ्याच आल्या, बाई. सगळ्याच."

गोदावरीबाईंनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला. अर्ज त्यांनीच लिहिला, कन्नडमध्ये, ठळक वळणदार अक्षरात. शांताक्कानं सही केली, या खेपेला प्रत्येक ओळ वाचून. बाईंच्याच मोबाइलनं फोटो काढून तो कागद फॉर्मवरच्या पत्त्याला आणि सुदीपला गेला. तेवढ्यात गणपतराव कोथिंबीर घेऊन परतले. दोघींच्या तोंडाकडे बघून त्यांनी काही विचारलं नाही. कोथिंबीर ठेवली आणि पडवीत जाऊन बसले, पण पेपर उलगडला नाही.

निघताना शांताक्का पाया पडायला वाकली. गोदावरीबाईंनी पाय मागं घेतले.

"आज नको. मी रागावले आहे तुझ्यावर. तू इतक्या लांब येऊन सांगितलंस हे मला कळतंय. पण रागावलेय. ते राहू दे थोडे दिवस."

संध्याकाळी सुदीपचा फोन आला. काकू, मला विचारायचं तरी, वरचे लोक माझ्यावर उखडलेत, महिन्याची मेहनत पाण्यात, असं सगळं बोलला. तिनं ऐकून घेतलं. अंधार पडायच्या आत दीपश्रीचा निरोप आला: काकू, तुमची एकही फाईल आता उघडत नाही. गेलं सगळं. शांताक्कानं तो दोनदा वाचला. निरोप बन्नूरला पाठवला. उत्तर आलं नाही, पण वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं तर सुदीप पायरीवर उभा. आत ये म्हटलं तरी येईना.

"काकू, एक राहिलं."

"काय?"

"काम सुरू झालं तेव्हा नमुना म्हणून पहिल्या आठवड्याचं तिकडं पाठवलं होतं. गिऱ्हाइकाला आवडतंय का बघायला. मला काल रात्रीच कळलं." त्यानं ओठ चावले. "इथलं पुसलं. तिथलं परत येत नाही. मी विचारलं. लेखी विचारलं. ते म्हणतात, पुढं कुणाकुणाला गेलं ते त्यांनाच सांगता येत नाही."

शांताक्का त्याच्याकडे बघत राहिली. तो लहानपणी याच पायरीवर बसून रिकामी रिळं रचायचा. रागवावं असं तिला वाटत होतं, पण राग कुठून धरावा ते सापडत नव्हतं. ती आत गेली आणि वही उघडली. पहिला आठवडा. सोमवार ते शनिवार, अकरा नावं. गोदावरीबाई त्यात नव्हत्या. क्षणभर तिला हायसं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली.

निवृत्तीनं मशीन थांबवलं. "काय झालं? सुदीप का तसा उभा आहे?"

हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. तिनं त्याच्या टेबलावरचा काळ्या पँटीचा तुकडा ओढला आणि खडूनं त्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरात, एक एक ओळ. त्यानं वाचलं. दुसरी ओळ दोनदा वाचली. मग तळहातानं सगळा खडू पुसून टाकला, पांढरा हात लेंग्याला पुसला आणि म्हणाला, "जा तू. दुकान मी बघतो. बायका आल्या तर सोमवारी या म्हणतो."

निघण्याआधी तिनं बन्नूरला फोन केला. तो घ्यावा की नाही याचा बाईंनी विचार केला असावा. बऱ्याच रिंगांनंतर उचलला.

"बाई, पहिल्या आठवड्याचं आधीच बाहेर गेलंय. तुमचं नाही त्यात."

"मग कुणाचं?"

"अकरा जणी आहेत."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?" गोदावरीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

पहिलं नाव चामुंडीपुरमचं होतं. नव्या नावाची, नुकतंच लग्न झालेली, कोपरापर्यंत बाही मागणारी. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडून शांताक्का चालत गेली. घराबाहेर मोटारसायकल नव्हती, म्हणजे नवरा कामावर गेलेला. तरी तिनं शेजारच्या गच्चीकडे पाहिलं, समोरच्या खिडकीकडे पाहिलं, दारावर कुठं कॅमेरा बसवलाय का तेही पाहिलं. असं पूर्वी तिनं कुणाच्या दारात पाहिलं नव्हतं. मग कडी वाजवली.

नव्यानं दार उघडलं. हातात लाटणं, कपाळावर पिठाचा ठिपका. "अक्का? तुम्ही कशाला आलात, मीच आले असते. झाला ब्लाऊज?"

"ब्लाऊजचं नाही, बाळ," शांताक्का म्हणाली. ती नाव घेणार होती, पण थांबली. "आत येऊ? दार लावून घे. आणि तुझा तो मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून ये."